आणून पुरलेली माणसे

अमेरिकेतील केंटकी राज्याची राजधानी असलेले फ्रँकफर्ट आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढेच आहे. लेक्सिंग्टन आणि लुईव्हिल ही मोठी शहरे एकोणिसाव्या शतकात या राजधानीवर सतत हक्क सांगत राहिली आणि तो वाद १९०४ मध्ये कुठे कायमचा मिटला. केंटकी नदीकाठच्या कड्यावरची, १८४४ मध्ये स्थापन झालेली येथील दफनभूमी पाहताना हे ध्यानात ठेवावे, कारण तिथल्या कित्येक नामवंतांचे मरण या गावात झालेले नसून, त्यांना मुद्दाम आणून इथे पुरलेले आहे.

सुरुवात डॅनियल बूनपासून झाली. वाटाड्या आणि शिकारी म्हणून तो सर्वांना ठाऊक आहे, परंतु तो नागरी सेनेत अधिकारीही होता आणि व्हर्जिनियाच्या विधिमंडळावर तीनदा निवडून गेला होता. केंटकीत जमिनीच्या दाव्यांनी हैराण होऊन तो मिझुरीत गेला आणि १८२० मध्ये तिथेच वारला. पंचवीस वर्षांनी, सप्टेंबर १८४५ मध्ये, फ्रँकफर्टकरांनी त्याच्या आणि त्याची पत्नी रेबेका हिच्या अस्थी मोठ्या मिरवणुकीने इथे आणल्या. ज्या राज्याला कंटाळून माणूस निघून गेला, त्याच राज्याने त्याला पितृपुरुष ठरवावे, हे राजकारणाच्या रीतीला धरूनच झाले म्हणायचे. मिझुरीत मात्र आजही सांगतात की, चुकीच्या कबरीतली हाडे उचलून नेली गेली. स्मारकाच्या चार बाजूंना कोरीव शिल्पे असून एकीवर रेबेका गाईची धार काढताना दिसते. मूळ शिल्पांची यादवी युद्धाच्या काळात नासधूस झाल्याने १९१० मध्ये ती नव्याने बसवावी लागली.

मेक्सिकोबरोबरच्या युद्धात, फेब्रुवारी १८४७ मधील ब्वेना व्हिस्ताच्या लढाईत पडलेल्या केंटकीच्या सैनिकांनाही इथे आणण्यात आले. ज्येष्ठ राजकारणी हेन्री क्ले यांचा त्यांच्याच नावाचा मुलगा त्यांत होता. पित्याचा या युद्धाला विरोध होता, हे विशेष. या मृतांवर कविता लिहिणारा थिओडोर ओ'हारा स्वतः सैनिक होता आणि यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढला. तो १८६७ मध्ये अलाबामात वारला आणि पुढे त्यालाही इथे हलवले गेले. त्याच कवितेच्या ओळी उत्तरेच्या सैनिकांसाठी उभारलेल्या राष्ट्रीय दफनभूमींत झळकल्या, कवीच्या नावाविना.

१८३७ ते १८४१ या काळात अमेरिकेचे उपाध्यक्ष असलेले रिचर्ड मेंटर जॉन्सन मात्र १८५० मध्ये फ्रँकफर्टमध्येच वारले. १८१३ च्या टेम्सच्या लढाईत शॉनी या मूळनिवासी जमातीचा नेता टेकम्से याला आपण मारले, या अखेरपर्यंत सिद्ध न झालेल्या दाव्यावर त्यांची कारकीर्द उभी होती आणि त्यांच्या थडग्यावरही तोच प्रसंग कोरलेला आहे. त्यांचे खरे धारिष्ट, माझ्या मते, निराळे होते. गुलाम म्हणून जन्मलेल्या ज्युलिया चिनबरोबरचा संसार त्यांनी लपवला नाही आणि दोन्ही मुलींना आपले नाव दिले. मात्र ज्युलियाला गुलामीतून मुक्त केल्याची कुठेही नोंद नाही. या संबंधामुळेच व्हर्जिनियाच्या निर्वाचकांनी त्यांना मत नाकारले आणि उपाध्यक्षाची निवड सिनेटला करावी लागली, जी वेळ त्यानंतर आजवर आलेली नाही. ज्युलिया १८३३ मध्येच पटकीने गेली होती. तिची कबर कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

विल्यम गोबेलला तर राजधानीतच मरण आले. गव्हर्नरपदाच्या वादग्रस्त निवडणुकीचा निकाल विधिमंडळापुढे असताना, ३० जानेवारी १९०० रोजी, विधानभवनासमोर त्याच्यावर गोळी झाडली गेली; दुसऱ्या दिवशी त्याने अंथरुणावरच शपथ घेतली आणि ३ फेब्रुवारीला प्राण सोडला. पदावर असताना खून झालेला अमेरिकेतील तो एकमेव राज्य गव्हर्नर आहे. कटात दोषी ठरलेल्या केलेब पॉवर्सला १९०८ मध्ये माफी मिळाली आणि दोनच वर्षांनी मतदारांनी त्याला काँग्रेसवर पाठवले.