तीस दिवस कुणाचे?

निकाल १४ जून २०२३ ला लागला. अपघाताच्या भरपाईचा दावा २०१९ चा. टेम्पोने स्कूटर उडवली, उजव्या मनगटात प्लेट बसली आणि माझं पोळीभाजीचं काम थांबलं ते थांबलंच. मोटार अपघात न्यायाधिकरणाने ६ लाख ४० हजार मंजूर केले, वर दावा दाखल झाल्यापासून रक्कम जमा होईपर्यंत ७ टक्के व्याज. निवाड्यात ‘तीस दिवसांत’ एवढं वाचलं आणि मी कॅलेंडरवर १४ जुलैला गोल करून ठेवला. वाण्यालाही तोच वायदा.

१४ जुलै गेला. आई रोज विचारायची, "आले का गं?"

"ताई, तीस दिवसांत टेम्पोच्या विमा कंपनीने कोर्टात भरायचे असतात," वकीलसाहेब म्हणाले. "तुमच्या हातात नव्हे." हे मोटार वाहन कायद्याचं कलम १६८. दिवसही निकालापासून मोजायचे, निकालाची नक्कल मिळाल्यापासून नाही. कंपनीचे वकील मात्र नक्कलच मिळाली नाही म्हणत होते.

मग नव्वद दिवसांचं सुरू झालं. अपिलाची मुदत तेवढी असते, ती संपेपर्यंत थांबू, असं आमच्याच वकिलांचं म्हणणं. मी जरा हट्टाने विचारलं, अपील केलंय का? नाही. स्थगिती आहे का? तीही नाही. मग थांबायचं कशासाठी? ऑगस्टमध्ये कलम १७४ खाली वसुली दाखल्याचा अर्ज दिला. हा दाखला कलेक्टरकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. नोटीस गेल्यावर कंपनी हलली.

९ ऑक्टोबरला पैसे जमा झाले. पण व्याज धरलं होतं निकालाच्या तारखेपर्यंतच! ६ लाख ४० हजारांवर ७ टक्के म्हणजे दिवसाला जवळपास १२३ रुपये. मधले ११७ दिवस, म्हणजे चौदा हजारांवर फरक. हा हिशेब मी वहीत आधीच मांडून ठेवला होता, घरखर्चाच्या पानामागेच. वकिलांनी तो जोडून हरकत घेतली.

व्याजावर टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा आयकर, कापला गेला. पॅन दिलेलं होतं म्हणून दहा टक्के, नसतं तर वीस. पुढे रिटर्न भरून सोडवून घेतला.

मग कोर्टातून पैसे काढायचे: नाझरांकडचा (कोर्टाचे पैसे सांभाळणारे अधिकारी) अर्ज, आधार, पॅन, कॅन्सल चेक, पासबुकाची झेरॉक्स. पासबुकावर माहेरचं नाव निघालं, त्यात दोन आठवडे गेले. निवाड्याप्रमाणे २ लाख तीन वर्षांच्या मुदत ठेवीत गेले. कोर्टाला विचारल्याशिवाय मोडता येत नाही. बाकीची रक्कम डिसेंबरमध्ये खात्यावर आली. आधी वाण्याचे चुकते केले.

व्याजाचा फरक मार्चमध्ये जमा झाला. त्यासाठी नाझरांकडे पुन्हा वेगळा अर्ज.