काझातला बर्फाचा दिवस आणि साडेतीन बादल्या पाणी

तर त्या दिवशी खरं म्हणजे आम्ही, म्हणजे मी आणि एक मित्र, हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यातल्या काझामधून निघणार होतो. सकाळची रिकाँग पिओची बस, बॅगा रात्रीच भरून ठेवलेल्या, आणि साडेपाचला मी पडदा बाजूला केला तर समोरच्या घराची भिंतच दिसेना. नुसतं पांढरं, आणि आवाज अजिबात नाही. खाली स्वयंपाकघरात गेलो तर आमा तंदूर पेटवत होत्या (तिकडे आईला आमा म्हणतात, होमस्टेवाल्या बाईंना सगळे तेच म्हणायचे मग आम्हीपण). मान वर न करता म्हणाल्या, "आज बस नहीं जाएगी बेटा, आज काम होगा."

हिवाळ्यात स्पितीला यायला-जायला रस्ता एकच, शिमल्याहून रामपूर, किन्नौर, नाको, ताबो करत येणारा. मनालीच्या बाजूने 2020 मध्ये अटल टनेल झाल्यापासून लाहौलपर्यंत गाड्या जातात पण पुढचा कुंझुम पास साडेचार हजार मीटरच्या वर, तो हिवाळाभर बंदच. त्यामुळे किन्नौरकडे कुठे दरड नाहीतर बर्फ आला की विषय संपला, जेसीबी येईपर्यंत बसा.

मला वाटलं बसा म्हणजे बसा. रजई, चहा, खिडकीतून बर्फ बघायचा वगैरे. मित्राने तेच केलं, त्याचं डोकं उंचीमुळे दुखत होतं (म्हणे). मी सापडलो.

पहिलं काम छत. इथली घरं मातीची, छत सपाट, आतून लाकडाचे वासे, त्यावर काटक्या आणि वर चोपलेली माती. बर्फ पडत असतानाच काढायचा, थांबला की बघू असं चालत नाही, कारण घरातल्या उबेने तो खालून वितळायला लागला की माती पाणी पिते आणि मग गळती थेट अंथरुणावर. हातात लाकडी फावडं आलं. बर्फ पिठासारखा कोरडा, फावडं भरलं तरी वजन लागत नाही, म्हटलं सोप्पंय की. दहा फावडी झाली आणि मी छताच्या कडेला रचलेल्या फाट्यांवर बसून तोंडाने श्वास घेत होतो. काझा साधारण 3,700 मीटरवर आहे हे मी वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं. शेजारच्या छतावर सत्तरीच्या एक आजी हात न थांबवता बर्फ ढकलत होत्या, माझ्याकडे बघून हसल्या आणि "जुले!" (तिकडचा नमस्कार) म्हणाल्या. मी नुसता हात हलवला, बोलायला हवाच शिल्लक नव्हती.

मग पाणी. आणि खरं सांगायचं तर उरलेला सगळा दिवस पाण्याचाच.

घरात नळ आहे, बेसिनही आहे, पण थंडी पडायला लागली की पाइप रिकामे करून ठेवायचे कारण पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि पाइप फोडून बाहेर येतं. मग गल्लीच्या टोकाचा हापसा. आमांनी दोन बादल्या दिल्या आणि वर एक किटली गरम पाणी, म्हणजे पाणी आणायला जाताना आधी पाणी घेऊन जायचं. हापशाचा दांडा जाम, ते गरम पाणी हापशाच्या डोक्यावरून ओतलं, दांडा कुरकुरला, सात-आठ वेळा कोरडाच हापसला आणि मग एकदम भळ्ळकन आलं. गंमत म्हणजे उडालेलं पाणी हाताला चक्क कोमट वाटलं, जमिनीच्या पोटातून येतं ना. ग्लोव्ह भिजला तेव्हा काही वाटलं नाही, घरी पोचेपर्यंत तो पुठ्ठ्यासारखा कडक झालेला आणि बोटं बादलीच्या कडीच्या आकारात तशीच अडकलेली.

ठरलं होतं चार बादल्या. दुसऱ्या खेपेला दारासमोरच्या पायरीवर माझा पाय सटकला, अर्धी बादली पायरीवर. आमा काही बोलल्या नाहीत, तंदूरमधली राख आणून पायरीवर पसरली, बास. मला जरा लाज वाटली म्हणून मी शहाणपणा केला, म्हटलं आमा अंगणात एवढा बर्फ पडलाय, तोच वितळवू की. त्यांनी शांतपणे एक मोठं पातेलं हातात दिलं. भरून आणलं, तंदूरवर ठेवलं, तो पांढरा डोंगर बघता बघता खाली बसला आणि तळाशी पाणी किती, तर दोन बोटं, त्यात एक गवताची काडी आणि कसलासा काळा कण. ताज्या बर्फाचं असंच असतं म्हणे, दहा पातेली बर्फ तेव्हा कुठे एक पातेलं पाणी, आणि त्यासाठी जळण जातं ते वेगळंच. लाकडं आणि गोवऱ्या उन्हाळ्यात जमवलेल्या, मार्च-एप्रिलपर्यंत पुरवायच्या, पर्यटकाच्या प्रयोगासाठी नाहीत.

तर साडेतीन बादल्यांचा हिशोब असा झाला: स्वयंपाक-पिण्याला दोन, खालच्या गोठ्यातल्या गाईला एक (तीही कोमट करून!), आणि आम्हा दोघांना अर्धी. मला वाईट वाटलं नाही असं नाही. आंघोळीचा प्रश्न नव्हताच, पाचवा दिवस होता, दीड मगात तोंड, मान, पाय. संडास मात्र कोरडा, पाणी लागतच नाही, भोकातून खाली जातं आणि वरून माती-राख टाकायची, उन्हाळ्यात त्याचं खत शेतात. आधी मला त्याचंच सगळ्यात जास्त टेन्शन होतं आणि शेवटी तीच एक गोष्ट बिनबोभाट निघाली.

दुपारनंतर मात्र मी त्या स्वयंपाकघरातून हललो नाही. तंदूर म्हणजे आपला भटारखान्यातला नाही, पत्र्याची चौकोनी शेगडी, धुरांडं छतातून बाहेर, हिवाळ्यात अख्खं घर त्या एका खोलीत राहतं. आत शिरलं की चष्मा पांढरा, काही दिसत नाही, नुसता राजम्याचा वास. खिशातला फोन 40 टक्क्यांवर मेलेला, पोटाशी धरून बसलो तर तासाभरात जिवंत झाला. बॅगेतली खोबरेल तेलाची बाटली दगड झालेली, तीही धुरांड्याशेजारी उभी केली. मी सवयीने कुकरच्या शिट्ट्या मोजत होतो, सहा झाल्या, म्हटलं आमा राजमा झाला असेल, त्या हसायलाच लागल्या. या उंचीवर पाणी साधारण 88 अंशालाच उकळतं, कुकर नसेल तर राजमा जन्मात शिजायचा नाही आणि कुकर असला तरी घाई करून उपयोग नाही. पुढच्या किती झाल्या ते मी मोजलं नाही कारण तंदूरला पाय लावून बसल्या बसल्या झोप लागली.

संध्याकाळी ढग गेले, चांदणं पडलं आणि थंडी खरी तेव्हा सुरू झाली, ढगांचं पांघरूण होतं तोवर बरं होतं. झोपायच्या आधी आमांनी बादल्या झाकून तंदूरजवळ सरकवल्या, आमच्या पाण्याच्या बाटल्या रजईत घेऊन झोपायला सांगितलं. मित्राचं डोकं जेवणाच्या वेळी बरोबर थांबलं होतं.

सकाळी निरोप आला, रस्ता मोकळा झालाय, बस सुटतेय. पळत बाहेर आलो आणि त्याच पायरीवर, राख जिथे संपते त्याच्या बरोबर पुढे, बॅगेसकट आपटलो. आतून आमांचा आवाज, "पानी तो नहीं गिराया ना?"