दोन फुटी टँक आणि दहा वॅटची बॅटन

जूनमध्ये घरातला माशांचा आणि पाणवनस्पतींचा टँक भरला तेव्हा अट एकच होती: आठवड्यातून एकदा पाणी बदलायचं, एरवी आत हात घालायचा नाही. झाडं झपाट्याने वाढवायला सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर नको, मग ती छाटायला दर चार दिवसांनी कात्री नको. माप 24 बाय 12 बाय 15 इंच, म्हणजे काठोकाठ 70 लिटर. वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी जेमतेम 55. लाकडाला दोऱ्याने बांधलेले अनुबियस आणि जावा फर्न, पुढे क्रिप्ट, मागे व्हॅलिसनेरियाची सहा रोपं. यातलं एकही झाड उजेडासाठी हपापलेलं नसतं. हे तेव्हाही पाठ होतं, तरी लाइट घेताना माझा हात सैल सुटलाच.

घेतला तो 30 वॅटचा फ्लड लाइट, 6500 केल्विन, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा. गेटवर लावतात तोच. स्वस्त, पाण्याच्या शिंतोड्यांना दाद न देणारा, आणि एका जागी एकवटलेल्या उजेडामुळे वाळूवर लाटांची जी थरथरती जाळी पडते ती बघत पहिला आठवडा मी जेवणही टँकसमोरच केलं. हिशोब नंतर मांडला. वॅटमागे साधारण 100 लुमेन धरले तर 3000 लुमेन, म्हणजे लिटरमागे 54. सीओटूशिवायच्या टँकला लिटरमागे 10 ते 20 पुरतात असा टँकवाल्यांमधला ढोबळ ठोकताळा. ढोबळच, कारण लुमेन हे माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप आहे. आपला डोळा हिरव्याला झुकतं माप देतो, लाल-निळ्याला कमी. त्यामुळे आरजीबी (लाल-हिरव्या-निळ्या) लाइटचे लुमेन कमी दिसले तरी झाडांना मिळायचं ते मिळत असतं. पांढरा लाइट पांढऱ्याशी ताडून बघायला मात्र आकडा कामाचा.

तिसऱ्या आठवड्यात काचेवर शेवाळाची हिरवी भुकटी. जुन्या एटीएम कार्डाने खरवडली, चौथ्या दिवशी पुन्हा हजर. पाचव्या आठवड्यात अनुबियसच्या पानांवर गडद हिरवे ठिपके, नखाने खरवडूनही न जाणारे. अनुबियसचं पान महिनोन्‌महिने टिकतं आणि नवीन महिन्याला एखादंच येतं, त्यामुळे एकदा ठिपका बसला की तो बराच काळ मुक्कामाला. गंमत म्हणजे ठिपके मधल्या, बरोबर लाइटखालच्या पानांवर. कोपऱ्यातली व्हॅलिसनेरिया अंधारात कुढत होती. एकाच टँकमध्ये अतिवृष्टी आणि दुष्काळ.

आधी वेळ कापली, दहा तासांवरून सहा. शेवाळाचा वेग कमी झाला, मधले ठिपके वाढतच राहिले. मग लाइट पाण्यापासून सहा इंचांवर होता तो दीड फुटावर नेला. उजेड पसरला, कोपरे उजळले, पण निम्मा खोलीत सांडायला लागला. सोफ्यावर बसणाऱ्याच्या थेट डोळ्यांत. आई म्हणाली, "अरे, घरात मांडव घातलायस का?" विषय तिथेच संपला.

ऑगस्टच्या सुरुवातीला इलेक्ट्रिकच्या दुकानातून दोन फुटी, 10 वॅटची साधी बॅटन, म्हणजे ट्यूबसारखी लांब एलईडी पट्टी, आणली, 6500 केल्विनचीच. लिटरमागे 18 लुमेन. लांबी टँकइतकी, त्यामुळे या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेड एकसारखा. ही बॅटन पाण्याच्या जवळ ठेवण्यासाठी बनलेली नसते, म्हणून खाली काचेचं झाकण हवंच. वायरही प्लगपर्यंत सरळ नेऊ नका. प्लगच्या खाली एक झोळ सोडा, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथून खाली टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी, झाकणाच्या आतून पंधरा दिवसांत पांढरा थर धरतो आणि उजेड अडवतो. व्हिनेगरचं फडकं फिरवलं की निघतो.

तोटा एकच, पण मला तो अजून सलतो: ती थरथरती जाळी गेली. दुधाळ पट्टीतून येणारा उजेड सपाट पडतो, ढगाळ दुपारीसारखा. ज्यांना ती जाळी हवीच त्यांनी 10 वॅटचे दोन छोटे फ्लड थोडे उंचावर, अंतर ठेवून लावावेत. डोळ्यांत जाणारा उजेड कसा अडवायचा ते आपापल्या आईशी बोलून ठरवा.

टायमर जुन्या चाकाचा. एक दाता पंधरा मिनिटांचा, सात तासांसाठी 28 दाते दाबले: दुपारी तीन ते रात्री दहा. गणपतीला दहा दिवस गावी गेलो, ती खरी परीक्षा. परतलो तेव्हा रात्रीचे साडेबारा आणि टँक लख्ख पेटलेला. मागे कधीतरी वीज गेली होती, तेवढा वेळ चाकही थांबलं आणि मागे पडलं. पण तास सातच भरत होते, त्यामुळे बिघडलं काहीच नव्हतं. पाणी दोन बोटं उतरलेलं, समोरची काच स्वच्छ, रासबोरा मासे उपाशी पण ठणठणीत.

डिसेंबरमध्ये मात्र डावीकडच्या काचेवर पुन्हा हिरवी भुकटी. लाइट तोच, तास तेच. दोन दिवस बॅटनलाच दोष देत होतो. रविवारी घरी असताना कोडं उलगडलं: खिडकी दक्षिणेची, सूर्य खाली उतरलेला, साडेदहाच्या सुमाराला उन्हाची तिरपी पट्टी थेट टँकवर. जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेकडे, त्यामुळे या खिडकीतून ऊन आत येतच नव्हतं. तिथे पडदा ओढला, शिवाय सावलीसाठी पाण्यावर मूठभर साल्विनिया हे तरंगणारं झाड सोडलं. ते पसरतं भराभर, निम्मा पृष्ठभाग झाकला की जादाचं काढून वाळवून कुंडीत टाकतो. नाल्यात किंवा तळ्यात कृपा करून टाकू नका, जलपर्णीचा ताप पुरे आहे.

सध्या व्हॅलिसनेरिया पाण्याला टेकली आहे आणि डावीकडे दोन नवी पिल्लं वाळूतून वर आली आहेत. क्रिप्ट लाइट बदलल्यावर विरघळले होते, मुळांतून पुन्हा फुटले, आता आधीपेक्षा बुटके आणि तपकिरी. अनुबियसची ठिपकेवाली चार पानं अजून तशीच. मधोमध एक कोवळं पान अर्धं उलगडलंय, पोपटी, अजून तरी डाग नाही.