एक स्टेज, दोन भाषा आणि मधे भाषांतर करणारं कोणीच नाही

झेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोला येऊन मला चारेक महिने झाले होते, आठवड्यातून दोनदा झेकचा क्लास आणि बाकी संध्याकाळी शेजारच्या आजींकडे जाऊन बसणं, कारण नवरा ऑफिसातून उशिरा यायचा आणि आजींनाही बोलायला कोणीतरी हवंच असायचं. 2018 ची गोष्ट. एक दिवस त्यांच्या टीव्हीवर गाण्याचा प्रोग्राम लागलेला, मोठं स्टेज, लाइट, परीक्षक, आपल्याकडे असतं तसंच सगळं. म्हटलं चला, बातम्यांपेक्षा हे सोपं जाईल. पण झालं भलतंच. एक जण बोलला की मला निम्मंअर्धं कळायचं, बरं वाटायचं, आणि दुसऱ्याने उत्तर दिलं की सगळं हातातून निसटायचं. परत पहिला बोलला की परत कळायचं. दहा मिनिटांनी मी आजींना विचारलंच की हे लोक मधेच असं काय बोलतायत, क्लासमध्ये तर असं काही शिकवलं नाही. आजी म्हणाल्या, अगं ती स्लोव्हाक बोलतेय ना. जसं काही यात सांगण्यासारखं काय आहे!

प्रोग्रामचं नाव चेस्को स्लोवेन्स्का सुपरस्टार. झेक आणि स्लोव्हाक मिळून एकच स्पर्धा, झेकमध्ये नोव्हा चॅनलवर आणि स्लोवाकियात मार्किझावर. झेक माणूस झेकमध्ये बोलतो, स्लोव्हाक माणूस स्लोव्हाकमध्ये, परीक्षक आपापल्या भाषेत शाबासकी देतात आणि आपापल्या भाषेतच झापतात, आणि खाली सबटायटल नाहीत की कानात सांगणारं कोणी नाही. प्रश्न एका भाषेत, उत्तर दुसऱ्या भाषेत, आणि गप्पा चालू. मला ते बघून इतकं छान वाटलं की गाण्याकडे त्या दिवशी माझं लक्षच नव्हतं.

मूळ फॉरमॅट ब्रिटनचा, 2001 चा पॉप आयडॉल. त्यावरूनच आपल्याकडे 2004 ला इंडियन आयडॉल आलं आणि मुंबईचा अभिजीत सावंत जिंकला, ते तर आपण सगळ्यांनी घरात बसून बघितलंय. झेकवाल्यांनीही 2004 लाच स्वतःचं सुरू केलं होतं, पहिली विजेती आनेता लांगेरोवा. स्लोव्हाकांचं वेगळं चालायचं. मग 2009 ला दोन्ही एकत्र केले. झेक प्रजासत्ताकाची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर आणि स्लोवाकियाची साधारण 54 लाख, म्हणजे दोन्ही मिळूनसुद्धा आपल्या मुंबईपेक्षा फार मोठा प्रेक्षक नाही, एवढा खर्चिक प्रोग्राम दोघांनी मिळून करण्यात शहाणपण आहेच. पण नुसता पैशाचा हिशोब असता तर लोकांनी इतक्या आपलेपणाने बघितलं नसतं असं मला वाटतं. त्या पहिल्या सीझनला लेओश मारेश हा झेक आणि आदेला बानाशोवा ही स्लोव्हाक, अशी निवेदकांची जोडी होती, आणि परीक्षकांमध्येही दोन्हीकडचे, पाल्यो हाबेरा आणि दारा रोलिन्स स्लोव्हाक, ओंद्रेय हेय्मा आणि मार्ता यांदोवा झेक. हे सगळं मी नंतर आजींच्या नातीच्या लॅपटॉपवर जुने एपिसोड लावून बघितलं, झेक शिकण्याच्या निमित्ताने.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. झेकमध्ये हाक मारताना नाव बदलतं. आपल्याकडे देवचं देवा होतं, सखीचं सखे होतं, मुलंचं मुलांनो होतं, अगदी तसंच. मार्टिनला हाक मारायची तर मार्टिने, लुकाशला लुकाशी, तेरेझाला तेरेझो. स्लोव्हाकमध्ये हे जवळजवळ गेलेलंच आहे, थोडे अपवाद सोडले तर मार्टिन तो मार्टिन आणि तेरेझा ती तेरेझा. त्यामुळे एकाच मुलीला स्टेजवर एक जण तेरेझो म्हणतो आणि पुढच्याच मिनिटाला दुसरा तेरेझा म्हणतो, आणि ती दोघांकडे तितक्याच सहज वळून बघते. क्लासमध्ये बाईंनी संबोधन शिकवलं तेव्हा बाकीचे डोकं धरून बसले होते, कोणी इंग्लंडचा, कोणी व्हिएतनामचा, आणि मला एकटीला ते पहिल्या दिवशी घरचं वाटलं. त्यानंतर प्रोग्राम बघताना मी वाक्यं सोडून नुसत्या हाका ऐकायचे. नाव बदललं की झेक, नाही बदललं की स्लोव्हाक. माझा कान असा तयार झाला, पुस्तकाने नाही.

आजी मूळच्या स्लोव्हाक, लग्न होऊन ब्रनोला आल्या त्याला पन्नासेक वर्षं झाली, तेव्हा देश एकच होता. 1918 ला झालेला चेकोस्लोवाकिया 1 जानेवारी 1993 ला दोन देश झाला, मारामारी नाही, गोळीबार नाही, पण सार्वमतही घेतलं नाही, आणि आजींना अजून त्याचंच वाईट वाटतं की आम्हाला कोणी विचारलंच नाही. जुन्या काळी टीव्हीच्या बातम्यांत एक निवेदक झेक बोलायचा आणि एक स्लोव्हाक, आणि राष्ट्रगीताचेही दोन भाग असायचे, आधी झेक मग लगेच स्लोव्हाक, एका दमात वाजायचे. वेगळे झाल्यावर ज्याचा भाग त्याने नेला. आजींनी हे सांगताना दोन्ही भाग गुणगुणून दाखवले, पहिला संथ आणि दुसरा एकदम चालीचा, आणि मधे जिथे थांबायचं तिथे त्या थांबल्याच नाहीत, सवयच नाही त्यांना तिथे थांबायची.

त्यांची भाषा म्हणजे दोन्हीची मिसळ. झेकमध्ये एक अक्षर आहे, र आणि झ एकाच वेळी म्हटल्यासारखं, ते स्लोव्हाकमध्ये नाहीच, आणि आजी पन्नास वर्षांनीही तीन मोजताना साधं त्रि म्हणतात, झेकांसारखं ते कंप पावणारं त्र्झि नाही. आणि शब्दांची तर गंमत विचारू नका. आजींच्या घरी कोबीला कापुस्ता म्हणतात, ख्रिसमसला त्या आंबवलेल्या कोबीचं सूप करतात ते कापुस्त्नित्सा, मी पण तेच शिकले. मग एकदा बाजारात जाऊन मी ऐटीत कापुस्ता मागितली आणि बाईंनी मला सुरकुतलेल्या गडद हिरव्या पानांचा वेगळाच गड्डा दिला, कारण झेकमध्ये कापुस्ता म्हणजे तो, आणि आपल्या साध्या कोबीला झेली म्हणतात. घरी आणून त्याची भाजी केली, मोहरी-हळद-हिरवी मिरची घालून, चांगली झाली होती. आजींना डबा दिला तर म्हणाल्या ही कापुस्ता नाही, स्लोव्हाकमध्ये हा केल. त्या दिवशी मला कळलं की या दोन भाषा जवळच्या आहेत म्हणजे एकच आहेत असं नाही, आणि स्टेजवरची माणसं एकमेकांना समजून घेतात ते आपोआप होत नाही, कान द्यावा लागतो.

आणि तो कान आता एका बाजूने कमी होतोय, याची मला मनापासून काळजी वाटते. स्लोव्हाक पोरं लहानपणापासून झेक डबिंगचे सिनेमे बघतात, झेक पुस्तकं वाचतात, हजारोंनी इथे शिकायला येतात, ब्रनोच्या मासारिक युनिव्हर्सिटीत तर जिकडेतिकडे स्लोव्हाक ऐकू येतं. उलट दिशेने तेवढं होत नाही. 1993 नंतर जन्मलेल्या झेक मुलांना स्लोव्हाक क्वचितच ऐकायला मिळते, आणि न ऐकलेली भाषा कितीही जवळची असली तरी परकी होते. आजींची नात इथेच जन्मलेली, तेव्हा अकरा वर्षांची. प्रोग्राममध्ये एका मुलीने सकाळच्या रान्याय्कीबद्दल काहीतरी सांगितलं आणि नातीने विचारलं, रान्याय्की म्हणजे काय? नाश्ता. झेकमध्ये स्निदान्ये. स्वतःच्या आजीच्या भाषेतला नाश्ता तिला माहीत नव्हता! आजी काही बोलल्या नाहीत, नुसतं सांगितलं आणि टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

म्हणूनच असल्या प्रोग्रामला कोणी टाइमपास म्हटलं की मला राग येतो. भाषेचे तास लावून जे झालं नसतं ते इथे होतं, कारण आवडता गायक काय म्हणतोय हे कळून घ्यायचंच असतं.

आता जिंकणाऱ्यांचं बघा. 2009 ला मार्टिन खोदूर, झेक. 2011 ला लुकाश आदामेत्स, स्लोव्हाक. 2013 ला साबिना क्रझोवाकोवा, झेक. 2015 ला एमा द्रोब्ना, स्लोव्हाक. 2018 ला तेरेझा माश्कोवा, झेक. 2020 ला बार्बोरा पिएशोवा आणि 2021 ला आदाम पावलोव्चिन, दोघंही स्लोव्हाक. म्हणजे सातपैकी चार वेळा अर्ध्या लोकसंख्येच्या देशाचा गायक जिंकला. नुसती डोकी मोजून निकाल लागत असता तर हे झालंच नसतं, कुठेतरी झेक घरांतूनही स्लोव्हाक आवाजाला मतं गेली असणार, असं मला तरी वाटतं. आणि हरलेलेही मागे राहिले नाहीत. 2009 चा दुसरा आलेला मिरो श्मायदा 2012 ला बाकूला स्लोवाकियातर्फे युरोव्हिजनला, म्हणजे देशादेशांच्या गाण्याच्या स्पर्धेला गेला. 2011 ची दुसरी आलेली गाब्रिएला गुन्चीकोवा 2016 ला स्टॉकहोमला गेली आणि झेकला पहिल्यांदा युरोव्हिजनच्या फायनलमध्ये तिनेच नेलं. माझ्या मते तिचा आवाज या सगळ्यांत मोठा, पण आजींना हे मान्य नाही, त्यांचा जीव लुकाशवर.

2021 ला आम्ही फायनल एकत्रच बघितली, आजी, नात, मी आणि या वेळी नवराही. नात तोपर्यंत चौदाची झालेली, स्लोव्हाक बोलणं सुरू झालं की आता मोबाइल खाली ठेवायची. आदामचं नाव जाहीर झालं तेव्हा आजी खुर्चीतून उठल्याच आणि टीव्हीकडे हात करून ओरडल्या, आदामे! झेकमध्ये. नात लगेच म्हणाली, आजी, तो स्लोव्हाक आहे, आदाम म्हण ना. आजी म्हणाल्या, त्याला कळतं गं.