६४ केबीतलं जंगल

जुन्या हार्ड डिस्कवर ‘बॅकअप’ नावाचं फोल्डर उघडलं की आत ‘ओल्ड बॅकअप’ असतं, त्याच्या आत ‘डेस्कटॉप’, आणि त्या डेस्कटॉपवर पुन्हा एक ‘बॅकअप’. दर वेळी कॉम्प्युटर बदलताना आपण आधीचा पसारा न आवरता तसाच्या तसा नव्यावर ओततो. आवरू नंतर, असं म्हणतो. त्यामुळे अगदी तळाला जे सापडतं ते कुणी निवडून जपलेलं नसतं. टाकून द्यायचा कंटाळा आला म्हणून उरलेलं असतं. माझ्या मते जुन्या वस्तू टिकवण्यात प्रेमापेक्षा या कंटाळ्याचा वाटा मोठा आहे.

मी शोधत होतो कीपॅडच्या फोनवरचा एक खेळ. खरं तर खेळसुद्धा नाही, त्यातली चित्रं. पहिल्याच पातळीवर एक घनदाट जंगल होतं आणि त्यातून एक टोपीवाला पोरगा उड्या मारत जायचा. ते जंगल मला पुन्हा बघायचं होतं. खेळाचं नाव आठवत नव्हतं, त्यामुळे नावाने शोधण्यात अर्थ नव्हता. मग शेपटीने शोधलं: ज्या ज्या फाइलच्या शेवटी ‘जार’ असेल ती दाखव. यादी आली आणि नावं वाचून हसू फुटलं. ‘गेम१’, ‘गेम१ नवीन’, ‘भारी गेम’, ‘भारी गेम कॉपी’. ब्लूटूथवरून या फोनवरून त्या फोनवर फिरताना खेळांची मूळ नावं कधीच गळून पडली होती.

नावावर भरवसा नाही, म्हणून तारखांकडे वळलो, तर त्याही तऱ्हेवाईक. फाइल ‘तयार झाली’ २०१४ साली आणि तिच्यात ‘शेवटचा बदल झाला’ २००६ साली. जन्माच्या आठ वर्षं आधी बदल! यात चमत्कार काही नाही. विंडोजमध्ये फाइलची प्रत काढली की तयार झाल्याची तारीख प्रतीची लागते आणि बदलाची तारीख मुळाची राहते. म्हणजे २०१४ ही माझ्या ओतण्याची तारीख आणि २००६ ही फाइलची.

पण जारच्या आत शिरल्यावर आणखी मजा. जार म्हणजे वेगळं काही नसतं, ती एक झिप फाइलच असते, म्हणजे अनेक फाइलींचं दाबून लहान केलेलं गाठोडं. शेपटीला ‘झिप’ लिहायचं की उघडते. फाइलची पहिली दोन अक्षरंही ‘पीके’ अशी असतात. ज्यांनी १९८९ साली झिप आणली त्या फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरं. झिपमधल्या तारखा विंडोजच्या आधीच्या डॉस या यंत्रणेच्या जुन्या पद्धतीने लिहिल्या जातात आणि त्या पद्धतीत काळाची सुरुवातच १ जानेवारी १९८० रोजी होते. जार बांधणाऱ्या प्रोग्रामने खरी तारीख न भरता ही सुरुवातीचीच टाकली असेल, तर आतल्या प्रत्येक चित्रावर तीच तारीख दिसते. हे खेळ ज्या भाषेत लिहिले जात ती जावा १९९५ सालची, झिप १९८९ सालची, आणि टोपीवाल्या पोराचं चित्र शपथेवर सांगतं की मी १९८० चा. शिवाय या पद्धतीत वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने मोजतात, त्यामुळे सेकंदांचा आकडा कायम सम. विषम सेकंदाला कुणी काम केलं असेल तर त्याची नोंद नाही.

सापाचा तो प्रसिद्ध खेळ मात्र या यादीत सापडणार नव्हता, हे आधीच ठाऊक होतं. १९९७ च्या नोकिया ६११० साठी तानेली आर्मान्तो यांनी लिहिलेला तो साप फोनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्येच मुरलेला होता. त्याची सुटी फाइल आपल्या हातात कधी आलीच नाही, मग ती हार्ड डिस्कवर कुठून येणार? आणि आली असती तरी त्यात चित्र म्हणून काय सापडलं असतं? काही काळे ठिपके. साप हा खेळ चित्रांचा नव्हताच, लांबत जाणाऱ्या शेपटीच्या धास्तीचा होता.

तर, जंगल. अखेर एका ‘भारी गेम कॉपी’मध्ये ते होतं. म्हणजे असावं. आत पाहिलं तर ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशा एकाक्षरी नावांच्या क्लास फाइली (खेळाचा प्रोग्राम यांत असतो), आणि चित्रांच्या जागी ‘०’, ‘१’, ‘२’ अशा बिनशेपटीच्या फाइली. हा लपवाछपवीचा प्रकार वाटतो आणि थोडा तो असतोही. पण खरं कारण कंजुषी. नोकियाच्या सुरुवातीच्या सिरीज ४० फोनांवर अख्खा खेळ ६४ किलोबाइटमध्ये बसवावा लागे. चित्रं, आवाज, सूचना, शत्रू, गुणांचे आकडे, सगळं त्यात. आज फोनने सहज काढलेला एक फोटो तीन एमबीचा असला तर त्याच्या जागेत असे चाळीस-पन्नास खेळ मावतील. अशा ठिकाणी ‘प्लेअर’ हे सहा अक्षरी इंग्रजी नावसुद्धा चैन ठरते. ‘ए’ पुरे.

चित्रंही सुटी ठेवत नसत. झिपमध्ये प्रत्येक फाइलमागे नाव, आकार वगैरेचा मजकूर लागतो आणि तो जागा खातो. पीएनजी या प्रकारात साठवलेल्या चित्राचंही तसंच: चित्र एका ठिपक्याचं असलं तरी ओळख पटवणारे आठ बाइट, मापं सांगणारे पंचवीस, शेवट झाल्याचं सांगणारे बारा, हे ठरलेलेच. म्हणून वीस चित्रं एका लांबट पट्टीवर शेजारी शेजारी काढायची आणि खेळताना हवा तेवढा तुकडा दाखवायचा. काही जण तर अनेक पीएनजी एकापुढे एक चिकटवून एकाच फाइलीत कोंबत. तसं असलं की फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणारा हेक्स एडिटर उघडायचा, आकड्यांच्या समुद्रात ‘पीएनजी’ ही अक्षरं हुडकायची, पुढे ‘आयएंड’ ही शेवटाची खूण दिसेपर्यंत जायचं, आणि मधला भाग कापून वेगळा ठेवायचा. कंटाळवाणं काम आहे असं ऐकणाऱ्याला वाटतं. करणाऱ्याला रात्रीचं जेवण आठवत नाही.

कापलेला तुकडा चित्र म्हणून उघडला आणि माझं घनदाट जंगल समोर आलं: अर्धं झाड.

अर्धंच. बुंध्याची डावी बाजू आणि पानांचा डावा झुबका. उजवी बाजू काढलेलीच नव्हती, कारण २००२ च्या एमआयडीपी २.० पासून (फोनमधल्या जावाने काय काय करावं हे ठरवणारे नियम) चित्र आरशातल्यासारखं उलटं दाखवायची सोय फोनमधल्या जावातच आली होती. डावं अर्ध उलटवलं की उजवं तयार. मग ते अख्खं झाड पुन्हा पुन्हा मांडायचं, कुठे थोडं वर, कुठे थोडं खाली. त्याच पट्टीत गवताचा एक चौकोन, मातीचा एक, आणि पानांचा एक ठिगळ, जो कुठल्याही बाजूने कुठल्याही बाजूला जोडता येई. झालं जंगल. प्रत्येक चौकोन सोळा ठिपके रुंद, सोळा उंच. सोळाच रंग वापरले तर दाबून लहान करण्याआधीसुद्धा १२८ बाइट. ज्या झाडीत मी तासन्‌तास हिंडलो ती झाडी एका लांबलचक एसएमएसएवढी होती.

शत्रूंचं तर विचारूच नका. हिरवा गोगलगाय सोपा, लाल गोगलगाय अवघड, निळा गोगलगाय म्हणजे पळा. फाइलीत गोगलगाय एकच. सोबत रंगांच्या तीन याद्या. सोळा रंगांच्या चित्रात प्रत्येक ठिपका स्वतःचा रंग सांगत नाही, यादीतला क्रमांक सांगतो. यादी बदलली की तोच प्राणी लाल होऊन अंगावर येतो. निळ्या गोगलगायीची मला वाटलेली भीती अठ्ठेचाळीस बाइटांची होती: सोळा रंग, प्रत्येकाचे तीन.

हे सगळं मोठ्या पडद्यावर बघणं मात्र वेगळाच प्रकार. १२८ बाय १२८ ठिपक्यांच्या पडद्यासाठी काढलेलं चित्र आजच्या मॉनिटरवर नखाएवढं दिसतं. मोठं करायला जावं तर चित्र दाखवणारे प्रोग्राम मदतीला धावतात आणि कडा गुळगुळीत करून टाकतात. टोपीवाल्या पोराचा चेहरा पाण्यात विरघळल्यासारखा झाला. असली मदत बंद करावी, चौकोन चौकोनच दिसू द्यावेत. चार ठिपक्यांत कुणीतरी हसू काढलंय. तोंडाचा डावा ठिपका एक घर वर आहे, एवढ्यावर ते पोर खोडकर दिसतं. त्यात आपण शहाणपणा करून सावल्या घालू नयेत.

आवाजाच्या बाबतीत तर हात रिकामेच राहिले. फाइल सापडली, दीड-दोन किलोबाइटची मिडी. पण मिडीत आवाज नसतोच. कोणता सूर, कुठल्या वाद्यावर, किती वेळ, किती जोरात, एवढंच लिहिलेलं असतं. वाजवायचं काम वाजवणाऱ्या यंत्राचं. कॉम्प्युटरने ती धून गुळगुळीत पियानोवर, सभ्यपणे वाजवून दाखवली. सूर अगदी बरोबर होते. माझ्या कानात मात्र फोनच्या त्या बारक्या चिपची किणकिण आहे, नाण्याएवढ्या स्पीकरमधून चिरकत येणारी, आणि ती या फाइलीत कधीच नव्हती. ती फोनमध्ये होती, आणि तो फोन कुठल्या ‘बॅकअप’मध्ये नाही.

झाडाचंही तसंच म्हणायचं. अर्धं फाइलीत, उलटवणं फोनकडे, आणि त्याचं घनदाट जंगल करणं खेळणाऱ्याकडे. त्या काळच्या चित्रकारांनी हा हिशेब पक्का ओळखला होता असं मला वाटतं. जिथे बाइट संपत, तिथून पुढचं काम ते बिनदिक्कत आपल्यावर ढकलत.

पट्टीच्या अगदी शेवटी मात्र एक अनोळखी चित्र होतं. मोठा, दात विचकलेला, मुकुट घातलेला बेडूक. हा खेळात मी कधीच पाहिलेला नाही. दोन शक्यता आहेत. एक, तो काढला गेला पण खेळात घेतलाच नाही. अशी बिनकामाची चित्रं जुन्या खेळांच्या फाइलींत खरंच राहून जातात. दुसरी, तो शेवटच्या पातळीवर बसलेला आहे आणि मी तिथवर कधी पोचलोच नाही. दुसरी शक्यता जास्त, आणि ती जरा झोंबते.

खात्री करायची तर खेळावं लागणार. म्हणून एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर जुन्या फोनचं सोंग घेणारा प्रोग्राम, लावला, खेळ सुरू झाला, आणि पोरगा पहिल्याच खड्ड्यात गेला. फोनवर २ म्हणजे वर, ८ म्हणजे खाली. कीबोर्डच्या उजवीकडचे आकडे नेमके उलटे: ७-८-९ वरच्या ओळीत, १-२-३ खाली. अंगठ्याला सगळं पाठ आहे, पण इथे बोटं आहेत आणि ती उडी मारायला वरची कळ दाबतात, म्हणजे ८, म्हणजे पोरगा खाली वाकतो. सेटिंगमध्ये जाऊन वरची-खालची ओळ बदलून घेतली. आता उड्या बऱ्या बसतात. हिरवा गोगलगाय पार झाला, लालशी झटापट चालू आहे, बेडकाचा पत्ता नाही.