गिब्बा बघायला जाताय? मग चिखलाची तयारी ठेवा

गिब्बा, म्हणजे युट्रिक्युलॅरिया गिब्बा, ही पाण्यातले बारीक जीव पकडून खाणारी वनस्पती. ‘काठावरून आरामात दिसते’ असं आम्हाला सांगितलं होतं. काठावरून दिसतं ते फक्त पिवळं फूल. शिकार करणारं सगळं पाण्याखाली असतं: केसाएवढ्या बारीक काड्यांचा गुंता आणि त्यावर जेमतेम १ ते २.५ मिलिमीटरचे फुगे. मुळं नाहीतच. ते टपोरे फुगे दाखवणारे फोटो भिंगातून काढलेले असतात, हे कुणी सांगत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग नसेल तर जाऊच नका.

नावेवर पैसे घालवू नका. ‘खास फेरी’ म्हणून आमच्याकडून दुप्पट घेतले आणि खोल पाण्यात नेऊन कमळं दाखवली. युट्रिक्युलॅरिया गिब्बा वाढते उथळ, संथ पाण्यात. तिथे चालतच जावं लागतं.

तळ्यापर्यंतची वाट सोपी आहे. खरा त्रास लव्हाळ्याच्या पट्ट्यात. जमीन वाटते तो कुजलेल्या पाल्याचा थर असतो. पाय गुडघ्यापर्यंत रुततो, आणि उपसताना गमबूट आतच राहतो. घट्ट बांधता येणारे जुने बूट घाला. काठीने चाचपत, लव्हाळ्याच्या बुंध्यांवरच पाय द्या. मधला गुळगुळीत चिखल दगा देतो. एकट्याने उतरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. मला तिथून बाहेर पडताना रडू यायचं बाकी होतं.

आधी हाताला शेवाळच लागेल. गुंता पाण्यासकट पांढऱ्या थाळीत घ्या आणि भिंग लावा. फुगे दिसले तर हीच ती. काळपट फुग्यांत बहुधा शिकार असते. पाण्याबाहेर धरू नका, फुगे हवा ओढून बसतात.

आणि मग थांबा. एक हलता ठिपका फुग्याच्या तोंडाशी आला आणि नाहीसा झाला! मधलं काही दिसलंच नाही. फुगा आतलं पाणी आधीच बाहेर टाकून दबा धरून बसलेला असतो. दारावरच्या केसाला धक्का लागला की मिलिसेकंदाच्या आत पाण्यासकट शिकार ओढतो. डार्विनला १८७५ साली वाटलं होतं की जीव स्वतःच दार ढकलून आत शिरतो. एवढ्यासाठी तो चिखल मी पुन्हा तुडवेन.

फार लांब जायची गरज नाही. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत ही सापडते. गुंता जिथला तिथे सोडा. बूट, थाळी, काठी तिथेच खरवडून धुवा, कारण तुकड्यातूनही ही वाढते. न्यूझीलंडमध्ये बाहेरून आलेली हीच गिब्बा आज उपद्रवी तण म्हणून नोंदलेली आहे.