वाळवंटातल्या पाण्याचा हिशेब: माझा अनुभव

डी अँड डी, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत, फासे टाकत खेळायचा खेळ. त्याची पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम, चार पात्रं आणि समोर वाळवंट. तहान-भूक टेबलावर जाणवलीच पाहिजे, असं मी डीएम (खेळ चालवणारा) म्हणून आधीच बजावलं होतं.

अन्नाचं निभावलं. दिवसाचं रेशन दोन पौंडांचं, रोज एक खूण खोडायची.

पाण्याने मात्र नाकी नऊ आणले. नियमाप्रमाणे माणशी रोज एक गॅलन, कडक उन्हात दोन. वॉटरस्किनमध्ये (पाण्याच्या पिशवीत) मावतं चार पाइंट, म्हणजे अर्धा गॅलन, आणि भरलेली पिशवी पाच पौंडांची. म्हणजे उन्हात माणशी रोज चार पिशव्या, वीस पौंड! आमच्या विझर्डची, म्हणजे जादूगाराची, ताकद आठ, त्याला एकूण उचलता येतात १२० पौंड. सहा दिवसांचं पाणी घेतलं की संपलं, मग पुस्तक नको, काठी नको. आणि नवख्या पात्राला मिळणाऱ्या एक्सप्लोरर्स पॅकमध्ये (प्रवासाच्या तयार सामानात) असतं काय? दहा दिवसांचं रेशन आणि वॉटरस्किन एक! दुपारही निघत नाही त्यात. याचा मला अजून राग येतो. यादी करणाऱ्याने एकदा भागाकार करून पाहायला हवा होता.

गरजेच्या निम्मंच पाणी मिळालं तर १५चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे पात्राच्या चिवटपणावर फासा टाकून १५ गाठायचे; हुकला की एक्झॉशन, म्हणजे थकव्याची एक पायरी. त्याहून कमी मिळालं तर सेव्हसुद्धा नाही, थेट थकवा. त्यामुळे ‘जाऊ दे, पाणी आहे असं धरून चालू’ म्हणायला माझं मन होईना.

शेवटी पन्नास सुवर्णमुद्रांना उंट घेतला. तो ४८० पौंड वाहतो, म्हणजे ९६ पिशव्या; चौघांना सहा दिवस, उंट स्वतः पितो ते वेगळंच. पण ९६ खुणा कोण खोडणार? खेळ थांबायचा आणि सगळे मोबाइलवर आकडेमोड करत बसायचे.

सुटका झाली ती ‘द ब्लॅक हॅक’ या २०१६च्या, अशाच प्रकारच्या दुसऱ्या खेळातल्या युसेज डायने (साठा मोजायच्या फाशाने). संपूर्ण साठ्याला एक फासा, आम्ही डी१०, म्हणजे दहा बाजूंचा, धरला. रोज मुक्काम पडला की टाकायचा. एक किंवा दोन आलं की डी८, मग डी६, मग डी४, आणि डी४वर तेच आलं की पाणी संपलं. डी६वर आलो त्या रात्री टेबलावर कुणी बोलेना. मला हवं होतं ते हेच!

हो, गुडबेरीचा (खाण्याजोगी बेरी निर्माण करणाऱ्या मंत्राचा) निकाल पहिल्या सेशनआधीच लावा. आमचा रेंजर (रानात वावरणारं पात्र) म्हणाला, ‘बेरी खाल्ली की दिवस भागला, पाणी कशाला?’ मंत्राच्या मजकुरात पोषणाचा उल्लेख आहे, तहानेचा नाही; मी भूक भागते एवढंच मान्य केलं. टोळीत क्लेरिक (देवाचा पुजारी) किंवा ड्रुइड (निसर्गाचा पुजारी) असेल तर पहिल्या लेव्हलच्या स्पेलने (मंत्राने) दहा गॅलन पाणी मिळतं, फक्त उघडं भांडं जवळ ठेवा. आमच्याकडे दोघंही नव्हते.

आणि फासा डीएमने टाकू नये. ज्याच्या पात्राकडे उंटाचा दोर आहे, त्याच्याच हातात द्या.